मदत हवी आहे: गहू बंद केला आणि सिलिअ‍ॅकची तपासणी निगेटिव्ह आली

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत राहतो. मुलगी ९ वर्षांची आहे. लोहाची औषधं चालू असूनही हिमोग्लोबिन काही केल्या वर जात नाही. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे, उंची थांबल्यासारखी. जंताचं औषध तीनदा झालं, दृष्टही काढून झाली.

शेवटी डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार) टीटीजी आयजीए ही रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी आणि सोबत एकूण आयजीए लिहून दिलं. (एकूण आयजीएच कमी असेल तर टीटीजी फसवं निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून दोन्ही.) पण घोळ माझ्याकडूनच झाला. आत्याबाईंच्या सांगण्यावरून चार महिने आधीच चपाती बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली होती. पोरगी खुलली, रिपोर्ट मात्र निगेटिव्ह! (गहू बंद असला की आजार असूनही तो निगेटिव्ह येऊ शकतो.) आता डॉक्टर म्हणतात, गहू पुन्हा सुरू करा, मग परत तपासू. गरज पडली तर दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडाही काढावा लागेल. काल अर्धी चपाती खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसली होती. माझा हातच उचलत नाही हो.

कुणी लेकराला असा गहू परत घातलाय का? रोज किती, किती आठवडे? एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ची जनुकीय तपासणी गहू न खाताही चालते, ती निगेटिव्ह आली तर सिलिअ‍ॅक जवळपास नाहीच, असं कळलं. ती इथे कुठे होते का, की नमुना पुण्याला जातो?

आणि एक, गिरणीवाला गव्हावरच ज्वारी दळतो. तुम्ही दळणाचं काय करता?