व्हिडिओ लॅरिंगोस्कोप कपाटात कुलूप लावून काहून ठेवता?

वऱ्हाडी भूल

मी यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात फिरून भूल देतो. पाच-सहा नर्सिंग होम आन् आठवड्यातले दोन दिवस सरकारी दवाखाना. मागच्या महिन्यात रात्री दीडला एका ठिकाणी सिझरसाठी बोलावलं. बाईचं वजन जास्त, मान आखूड, बीपी चढलेलं, तोंडावर सूज, त्यात प्लेटलेट इतक्या कमी की स्पायनलचा (पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करायचा) विचारच नको. श्वासनळीत ट्यूब टाकायची म्हणून साध्या स्कोपनं (घसा पाहायच्या लॅरिंगोस्कोपनं) पाहिलं तर नुसतं एपिग्लॉटिसचं, म्हणजे श्वासनळीवरच्या झाकणाचं, टोक. मास्कनं श्वास दिला, डोकं नीट ठेवलं, परत पाहिलं, तेच. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ८४ टक्क्यांवर. सिस्टरला म्हटलं तुमच्याकडे व्हिडिओ स्कोप घेतलाय ना, तर म्हणे हाव सर, आहे, पण किल्ली मोठ्या सरांकडे असते. शेवटी बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी) अंदाजानं घातली, तिच्यावरून ट्यूब गेली, कॅप्नोवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर) लाट दिसली तवा कुठं जीवात जीव आला. बाई आन् बाळ दोघंही बरे आहेत. पण ते कुलूप माह्या डोक्यातून जात नाही.

म्हणून सरळ मांडतो. व्हिडिओ स्कोप "अडलं तर काढू" म्हणून ठेवायची वस्तू नाही, पहिल्याच प्रयत्नाला हातात पाहिजे, आन् खेड्यात तर जास्तच, कारण इथं अडल्यावर हाक मारायला दुसरा भूलतज्ज्ञ नसतो. साध्या स्कोपमधी आपला डोळा, पेशंटचं तोंड आन् स्वरतंतू एका रेषेत आणावे लागतात, त्यासाठी जीभ-जबडा जोरानं उचलावा लागतो. व्हिडिओवाल्यात कॅमेरा ब्लेडच्या (तोंडात जाणाऱ्या पात्याच्या) टोकाजवळ असतो, तो वळणापलीकडचं दाखवतो. आन् हे आता नुसतं माह्या मनाचं नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या) २२२ अभ्यास, २६ हजारांवर पेशंट होते, व्हिडिओनं ट्यूब फसायचं प्रमाण कमी झालं. २०२४ मधी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास आला, ८ हजारांवर ऑपरेशनं, एकापेक्षा जास्त प्रयत्न लागले ते व्हिडिओमधी १.७ टक्के आन् साध्यामधी ७.६ टक्के. अजून काय पाहिजे?

जुना मॅकिंटॉश

भाऊ, तुमच्या पेशंटचं चांगलं झालं, आनंद आहे. किल्लीचं म्हणाल तर ते व्यवस्थापनाचं पाप, त्यात साध्या स्कोपचा काय दोष? माझी सत्तावीस वर्षं झाली या कामात. १९४३ साली मॅकिंटॉश नावाच्या भूलतज्ज्ञानं जे वाकडं ब्लेड दिलं त्याच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी काम केलं.

आकडे तुम्ही अर्धेच सांगून राहिले. २०२३ मधी अमेरिकेतल्याच इमर्जन्सी आन् आयसीयूच्या १४१७ पेशंटचा अभ्यास झाला, पहिल्या प्रयत्नात यश व्हिडिओला ८५ टक्के, साध्याला ७१. बरोबर आहे. पण ट्यूब टाकणाऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त शिकाऊ डॉक्टर होते, हे पण सांगा. आन् गंभीर गुंतागुंत? दोन्हीकडं २१ टक्क्यांच्या आसपास, सारखीच. म्हणजे पडद्यावर छान दिसलं म्हणून पेशंटचं भलं झालंच असं नाही.

माझा खरा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. आपल्याकडं कितीतरी छोट्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) आजही कॅप्नोग्राफ नाही. ट्यूब अन्ननलिकेत गेली हे छाती ऐकून, ट्यूबमधली वाफ पाहून ठरवतात, आन् ते दोन्ही फसवतं. आधी कॅप्नो घ्या, मग कॅमेरा. पैसे एकाच गोष्टीपुरते असले तर मी डोळे मिटून कॅप्नो घेईन.

मेळघाटातला एमओ

मी भूलतज्ज्ञ नाही सर, साधा एमबीबीएस मेडिकल ऑफिसर आहे, तरी बोलतो कारण ट्यूब आम्हालाही टाकावी लागते आणि आमच्या मागे कोणीच नसतं. पावसाळ्यात मण्यार चावलेले येतात, रात्री जमिनीवर झोपलेले, बऱ्याचदा चावल्याचं समजतही नाही, पहाटे पोट दुखते म्हणतात, मग पापण्या पडतात, मग थुंकी गिळता येत नाही, मग श्वास. लस चालू केली तरी एकदा लुळेपणा आला की तो लगेच परतत नाही, काही दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो आणि तोवर श्वास चालू ठेवणं एवढंच हातात असतं. दोन वर्षांआधी असा एक अकरा-बारा वर्षांचा पोरगा होता. माझ्या दोन प्रयत्नांत ट्यूब गेली नाही, लाळेनं घसा भरलेला, सक्शन पायानं दाबायचं. शेवटी अँब्यूनं (हातानं दाबायच्या पिशवीनं) श्वास देत १०८ मधून नेला, घाटाचा रस्ता, ब्रदर आणि मी आळीपाळीनं पिशवी दाबत होतो. पोरगा वाचला, आज शाळेत जातो.

पण मला विचाराल तर "शिकाऊ होते म्हणून फरक दिसला" हा मुद्दा माझ्या बाजूनं आहे, तुमच्या नाही सर. आम्ही शिकाऊच आहोत. खेड्यातला एमओ वर्षाला अशा किती ट्यूबा टाकतो? हात बसणार कधी?

ओटीची सिस्टर

मधात बोलते, माफ करा. कुलूप काहून लागते ते कोणी विचारत नाही. आमच्याकडे एक ब्लेड आहे फक्त. ते एकदा वापरून फेकायचं असते पण फेकत नाही, धुवून परत वापरतो, कॅमेऱ्याजवळच्या फटीत रक्त अडकते, ब्रशनं निघत नाही. हँडल पाण्यात बुडवलं की बिघडते म्हणून डॉक्टर आमच्यावर ओरडतात आन् नाही बुडवलं तर साफ होत नाही. मशीन घेतलं तवा तीन ब्लेड आन् साफ करायची पद्धत लिहून द्या म्हटलं होतं, कोणी दिलं नाही. बॅटरी चार्ज करायची जबाबदारी पण रजिस्टरवर कोणाचीच नाही. मशीन द्याल तर हे पण द्या.

जुना मॅकिंटॉश

सिस्टर, हे सोन्यासारखं बोललात.

आन् एमओ साहेब, तुमचा मुद्दा मला लागला, खोटं बोलणार नाही. पण तुम्ही ज्या लाळेचं सांगितलं तीच अडचण आहे. रक्त, उलटी, फेस असला की कॅमेऱ्याची काच भरते आन् पडदा नुसता लाल नाहीतर पांढरा. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे पेशंट आठवा, तोंडातून फेसाची धार. तिथं आधी सक्शन लागते, पायाचं नाही, विजेचं. मग कुठला स्कोप ते नंतर.

दुसरं, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). आपल्या भागात पंचवीस वर्षांच्या पोराचं तोंड दोन बोटं उघडत नाही, गालाच्या आत पांढरे दोर झालेले. तिथं चॅनलवालं (ट्यूबसाठी खाच असलेलं) जाड ब्लेड शिरतच नाही. बोटभर उघडणाऱ्या तोंडाला तुमचा व्हिडिओ स्कोप काय करेल? जागेपणी नाकातून फायबरऑप्टिक (बारीक लवचीक दुर्बीण), नाहीतर नागपूर-सेवाग्रामला पाठवा. नवी पोरं पडद्याच्या भरवशावर तोंड तपासणंच सोडून देतील याची मला भीती वाटते. माह्याकडं एकानं तेच केलं, तीन बोटं उघडते का हे पाहिलंच नाही, बेशुद्ध केल्यावर कळलं.

कापूसवाला

डॉक्टर लोकांच्या मधात बोलतो. माझ्या आईचा पित्ताशयाच्या ऑपरेशनमधी पुढचा दात पडला, ते ट्यूब टाकताना झालं म्हणे. व्हिडिओनं हे टळलं असतं का? ऑपरेशनच्या आधी आम्ही काही विचारायला पाहिजे होतं का?

वऱ्हाडी भूल

कापूसवाले दादा, टळलंच असतं असं छातीठोक सांगत नाही. जोर कमी लावावा लागतो म्हणून दातावर ताण कमी येऊ शकतो एवढं खरं. हलणारा दात, कवळी, खर्रा, आधीच्या भुलेच्या वेळी झालेला त्रास, हे आपण होऊन सांगायचं, डॉक्टरनं नाही विचारलं तरी.

जुने सर, खर्ऱ्याचं शंभर टक्के मान्य. बोटभर तोंडाला व्हिडिओ हा इलाज नाही, आन् तोंड न तपासता भूल देणाऱ्याला कोणताच स्कोप वाचवणार नाही. कॅप्नो आधी, हेही मान्य. पण "आधी ते" म्हणत दुसरी गोष्ट वीस वर्षं अडते हे आपण पाहिलं आहे. त्या रात्रीनंतर मी स्वतःच्या पैशानं एक साधासा व्हिडिओ स्कोप घेतला, ३५ हजार लागले, मॅकिंटॉशसारख्याच वळणाचं ब्लेड. पडदा बंद पडला तर तोच डोळ्यानं पाहून वापरता येतो, म्हणून तुमच्या हाताची सवयही जात नाही. जास्त वाकड्या ब्लेडचं वेगळं, तिथं स्वरतंतू समोर दिसतात आन् ट्यूब काही तिकडं वळत नाही, स्टायलेट (ट्यूबच्या आतली तार) ब्लेडसारखीच वाकवून घ्यावी लागते, आन् पडद्याकडं पाहताना ट्यूब आंधळेपणानं ढकलली तर टाळू फाटतो. ट्यूब तोंडात जाईपर्यंत नजर तोंडातच पाहिजे. हे शिकवावं लागते. पण शिकवणंही यानंच सोपं झालं, पोरगं काय पाहून राहिलं ते मलाही दिसते, आधी नुसतं "दिसलं का, दिसलं का" विचारत उभं राहावं लागे.

जुना मॅकिंटॉश

शिकवण्यासाठी पडदा, हे मान्य करतो. सोप्या पेशंटला मी साधाच वापरणार, हात जिवंत ठेवायला. यावर आपलं जमणार नाही. पण एमओ साहेब, तुमच्याकडं सक्शन विजेचं आहे का आता? आन् बुजी?

मेळघाटातला एमओ

सक्शन आलं सर मागच्या वर्षी, लाईट गेली की बंद. बुजी नाही.

जुना मॅकिंटॉश

दोन बुजी पाठवतो. परतवाड्यापर्यंत कोणी येणार असेल तर सांगा. वऱ्हाडी भाऊ, तुम्ही रविवारी तुमचा स्कोप घेऊन येता का, यांच्या ब्रदरला पण बसवू, पुतळ्यावर दोघंही शिकवू, मी माझ्या पद्धतीनं, तुम्ही तुमच्या.

वऱ्हाडी भूल

येतो सर. चार्जर पण आणतो.