हॅशटॅग कंपनीचा आणि किस्से गिऱ्हाइकांचे, असं का होतं?

निळी_छत्री:
एमबीएच्या प्रोजेक्टसाठी मॅकडोनाल्ड्सचं २०१२ चं प्रकरण घेतलंय. जानेवारीत त्यांनी पैसे मोजून ट्विटरवर #मॅकडीस्टोरीज चालवला, वाटलं होतं माल पुरवणाऱ्या शेतकऱ्यांच्या छान छान गोष्टी फिरतील, आणि लोकांनी टाकले पोट बिघडल्याचे नि खाण्यात काय काय सापडलं त्याचे किस्से. दोन तासांत प्रमोशन बंद. लोक हे निव्वळ टाइमपास म्हणून करतात का?

कोयनाकाठ:
मला नाही वाटत. ऑस्ट्रेलियाच्या विमान कंपनीचं, क्वांटासचं बघ, ऑक्टोबर २०११ मध्ये कामगारांशी वाद चालू असताना सगळी विमानं उभी करून ठेवली, हजारो प्रवासी लटकले, आणि महिनाही झाला नाही तोवर ट्विटरवर स्पर्धा, तुमच्या स्वप्नातला लक्झरी प्रवास सांगा म्हणे, बक्षीस फर्स्ट क्लासचा पायजमा! मग लोक सांगणारच ना की विमान वेळेवर सुटलं तरी आम्हाला लक्झरी.

शेव_चिवडा:
दक्षिण कोरियात २०१४ ला विद्यार्थ्यांनी चिप्सची दीडशेच्या वर पाकिटं एकमेकांना चिकटवून तराफा केला आणि सोलची हान नदी पार केली, पाकिटात माल कमी नि हवा जास्त हे दाखवायला. वेफर्स चुरा होऊ नयेत म्हणून हवा लागते हे मान्य, पण किती? मी पण एका कंपनीच्या 'आनंदाचा क्षण शेअर करा' पोस्टखाली फोटो टाकलेला, ताटलीत सतरा वेफर्स, शेजारी रिकामं पाकीट. कमेंट उडवली त्यांनी. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांच्या ताटल्या आल्या तिथे!

कोयनाकाठ:
हेच ते. बोलायला त्यांनीच बोलावलं, मग खरं बोललेलं का झोंबतं? पण २०१७ ला वॉकर्स या ब्रिटिश चिप्स कंपनीच्या सेल्फी मोहिमेत लोकांनी खुन्यांचे फोटो घुसवले, ते मला अजिबात पटलं नाही, त्यात गिऱ्हाइकाचं म्हणणं काहीच नव्हतं.

मावळतीचा_वारा:
निळी_छत्री ताई, २०१२ चं वॉलमार्टचं पण घे. ज्या दुकानाच्या फेसबुक पेजला जास्त लाइक्स तिथे गायक पिटबुल जाणार होता, लोकांनी मुद्दाम ठरवून पार लांबचं, अलास्कातलं कोडियाक बेट निवडून दिलं, आणि तो गेला की खरंच! कमेंट उडवण्यापेक्षा हे किती चांगलं.

निळी_छत्री:
कोडियाक घेतेच. शेव_चिवडा, तो ताटलीचा फोटो वापरू का?

शेव_चिवडा:
वापर की. फक्त पाकिटावरचं नाव झाक.