देव मानत नाही, पण तिथे काहीतरी मिळालं: तुमचे अनुभव सांगा

रानवारा
चुलतभावाने सकाळी गावच्या सप्ताहाचा व्हिडिओ पाठवला. काल्याचं कीर्तन चालू, आणि खांबापाशी वीणा गळ्यात घालून एक आजोबा उभे. तेवढ्यावरून सगळं वर आलं.

मी कॉलेजपासून नास्तिक, घरात सगळ्यांना माहीत आहे. वडील गेले त्या वर्षी सप्ताहाला गावी होतो. सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत, पहारे लावतात. वडिलांचा पहारा रात्री दोन ते चार, वर्षानुवर्षं. यादी सांभाळणारे काका घरी आले. "तात्यांची वेळ मोकळी आहे. उभा राहतोस का?" म्हटलं, "काका, माझा विश्वास नाही." तर म्हणाले, "वीणा धरायला हात लागतात. दोनला ये, स्वेटर घालून ये."

आधीच्या पहाऱ्याच्या माणसाने वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकून माझ्या पाया पडला. माझ्या दुप्पट वयाचा माणूस. मीही पडलो, तशी रीतच आहे. मग तारा छेडत नुसतं उभं राहायचं. पट्ट्याचं कापड मानेपाशी घामाने काळं, गुळगुळीत झालेलं. किती जणांचा घाम, त्यात वडिलांचाही. दहाव्या-तेराव्याला सगळे विधी केले तेव्हा आतून काही हललं नव्हतं. इथे रडू फुटलं. बोट थांबवायचं नाही म्हणून रडत वाजवत राहिलो. टाळ घेऊन बसलेल्यांनी काही विचारलं नाही.

देव आजही मानत नाही. ती वेळ मात्र आता माझी आहे. असं कुणाला झालंय का? कुठल्याही धर्माचं चालेल.

मोगरा
ऑफिसच्या बसमध्ये वाचलं. बाजूच्या काकूंनी रुमाल दिला. तात्यांना नमस्कार.

थंडीतला_पुणेकर
केंब्रिज. किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये संध्याकाळी ईव्हनसाँग असतं, म्हणजे गायलेली सायंप्रार्थना. तिकीट नाही, कोणीही जाऊन बसावं. पीएचडी अडकली होती, नोव्हेंबरात चारलाच अंधार, खोलीवर जाववत नव्हतं म्हणून शिरलो. मग जातच राहिलो.
इंग्लंडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात (1662 चं) दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाटून दिली आहेत. तारीख येईल तसं स्तोत्र. तुम्ही खुशीत असा नाहीतर खचलेले, आज विलापाचं असेल तर विलापाचंच. माझ्या मनःस्थितीशी कशाचाच संबंध नाही याचा फार आधार वाटायचा. दिवसभर स्वतःचाच विचार करून थकलेलो असायचो.

सुगरण_नगरची
रानवारा, कुठला सप्ताह? आमच्याकडे गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला गावोगावच्या भाकरी ट्रॅक्टर भरभरून येतात, आणि आमटी कढयांमध्ये. ती चव घरी येत नाही ती नाहीच.

दुपारचा_चहा
+१ आमटी!!

वैजू_त
चांगलं लिहिलंय, पण एक सांगायचंच आहे. आमच्या गावात बायकांना वीणा देत नाहीत. माझे वडीलही विणेकरी होते. ते गेल्यावर त्यांची वेळ मला मिळावी असं फार वाटत होतं, श्रद्धा असो नसो. चुलत्याच्या मुलाला दिली, तो मोबाईल बघत उभा होता. तुम्हाला जे मिळालं ते मला मंडपाच्या बाहेर उभं राहून पाहावं लागलं.

रानवारा
वैजू, वाचून गप्प झालो. आमच्या यादीतही बाईचं नाव मी कधी पाहिलेलं नाही. काकांना आज फोन करतो.

मोगरा
वैजू 🫂 आमच्या सोसायटीच्या महिला भजनी मंडळात ये गं, आम्ही वीणा आलटून पालटून घेतो. गुरुवारी असतं.

माड_आणि_मीठ
गोंयातून. शेजारी कॅथलिक. मे महिन्यात वाड्यावरच्या क्रुसापुढे लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, म्हणतात, व्हायोलिन असतं, शेवटी उकडलेले चणे वाटतात. आम्ही हिंदू, त्यात मी काहीच न मानणारा, तरी दरवर्षी बोलावणं येतंच. लॉकडाऊनमध्ये लदीन झालं नाही. तेव्हा कळलं की वाड्यातली सगळी माणसं एकत्र उभी राहतात अशी तेवढी एकच वेळ आहे. आता एखाद्या म्हाताऱ्याला चालवत नसेल तर खुर्ची घेऊन मीच जातो त्याच्याबरोबर.

खडू_फळा
शिक्षक आहे, नास्तिक. शाळेत रोज पसायदान होतं. इतकी वर्षं नुसता उभा राहायचो. एकदा वर्गातल्या दोन पोरांची जबर मारामारी झाली आणि दुसऱ्या दिवशी त्या ओळी नीट ऐकू आल्या. दुष्टांचा नाश होवो असं ज्ञानदेव मागतच नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावो म्हणतात, आणि चांगल्या कामाची गोडी त्यांनाच लागो. सातशे वर्षांपूर्वीचं मागणं आहे हे. त्या पोराला शाळेतून काढायचं की नाही यावर आमची बैठक होती. मी ठेवायच्या बाजूने बोललो. तो आता दहावीला आहे.

जुना_सभासद
गाडगेबाबांना विसरू नका. नवस आणि पशुबळीच्या विरोधात ते कीर्तनातच बोलायचे. आणि बांधल्या त्या धर्मशाळा, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. कीर्तन ऐकायला आस्तिक असावंच लागतं असं नाही.

वैजू_त
मोगरा, किती वाजता? सातनंतर असेल तर जमेल, मुलाची शिकवणी सुटते.

मोगरा
साडेसात. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते.

दुपारचा_चहा
सुगरण_नगरची, आमटी कुठल्या डाळीची ते सांगा ना, रविवारी करून बघते.