अकरा लाख एकाहत्तर हजारांचा हिशेब आणि इंजिनीअरिंगची पदवी

घोडबंदरकर :

"सहा-सात लाख रुपये भरून इंजिनीअर व्हायचे आणि ऐरोलीत पंचवीस हजारांवर लॅपटॉप उघडून बसायचे, त्यापेक्षा अग्निवीर व्हा आणि चार वर्षांनी ११.७१ लाख रुपये घेऊन घरी या," असा मजकूर या आठवड्यात आमच्या संकुलाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरला आणि त्याखाली अंगठ्यांचा पाऊस पडला. अंगठे देणाऱ्यांपैकी एकाचाही मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहिलेला नाही, पण बारावीला बसलेली दोन-तीन मुले तो मजकूर गंभीरपणे वाचत आहेत, म्हणून हे उत्तर.

११.७१ लाख ही बक्षिसी नव्हे. अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये ठरलेले असतात. त्यातले ३० टक्के सेवा निधीसाठी कापले जाऊन २१,००० हातात पडतात. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० मिळतात. चार वर्षांत अशी कापलेली रक्कम ५.०२ लाख होते, तेवढीच सरकार घालते आणि त्यावर व्याज मिळते. म्हणजे जवळपास निम्मा पैसा त्या मुलाच्याच घामाचा आहे. निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि चौघांपैकी जास्तीत जास्त एकाला पुढे कायम ठेवले जाते. उरलेले तिघे बाविशीच्या आसपास, हातात बारावीचे प्रमाणपत्र घेऊन, पुन्हा ठाणे स्थानकावर उतरतात.

त्याहून मोठी गफलत अशी की ही तुलनाच मुळात चुकीची आहे. इंजिनीअरिंगच्या पदवीधराला लष्करात जायचे असेल तर त्याच्यासाठी अधिकाऱ्याचा दरवाजा उघडा आहे. टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स किंवा शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या (ठरावीक वर्षांच्या अधिकारी सेवेच्या) टेक्निकल प्रवेशासाठी लेखी परीक्षा नसते. पदवीच्या गुणांवरून छाननी होते आणि एसएसबीचे, म्हणजे सेनादलाच्या निवड मंडळाचे, बोलावणे येते. प्रशिक्षणातच दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन, आणि लेफ्टनंट झाल्यावर तेवढ्याच मूळ वेतनावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि महागाई भत्ता. हे सारे पदवीमुळे मिळते. तरीही पदवी म्हणजे पैशांची नासाडी, असे ज्यांना वाटते त्यांनी गणित पुन्हा मांडावे.

निवृत्त सुभेदार, कळवा :

महोदय, गणित मांडा म्हणालात, तर पूर्ण मांडू. चार वर्षांत हातात आलेला पगार आणि सेवा निधी मिळून अग्निवीराला सुमारे साडेतेवीस लाख रुपये मिळतात. राहणे, जेवण, गणवेश यांचा खर्च नाही, आणि ४८ लाखांचा विमा त्याच्या पगारातून एक पैसाही न कापता मिळतो. त्याच चार वर्षांत तुमचा इंजिनीअर बापाच्या खिशातून सहा-सात लाख उणे करतो. बाविसाव्या वर्षी दोघांच्या पासबुकात तीस लाखांचे अंतर पडते, आणि ते कसे भरून निघणार हे तुम्ही लिहिलेले नाही.

अधिकाऱ्याच्या दरवाजाचे म्हणाल, तर त्याच्या फटीएवढ्या जागा आहेत. टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्सला एका तुकडीत तीसच्या आसपास आणि शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलला पुरुषांसाठी साडेतीनशेच्या आसपास, आणि त्याही साऱ्या देशासाठी. माझा पुतण्या मेकॅनिकल इंजिनीअर आहे. रबाळ्याच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत 'ट्रेनी' म्हणून लागला आणि त्याच्याच हाताखालचा आयटीआय झालेला मुलगा कायम झाला तरी हा अजून ट्रेनीच आहे. त्याला दहावीनंतर मी भरतीचे सुचवले होते, तेव्हा वहिनींनी "आमच्या घरात कोणी शिपाई होणार नाही" असे सुनावले होते. पंधरा ऑगस्टला स्टेटसवर तिरंगा मात्र न चुकता असतो.

पास-आउट २०२२, ऐरोली :

दोघांचेही गणित पगार पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, या गृहीतावर उभे आहे. माझी निवड सातव्या सत्रात झाली, आईने मजल्यावर पेढे वाटले आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ मला फक्त ई-मेल येत राहिले. "व्यवसायाच्या गरजेनुसार आपली रुजू होण्याची तारीख लवकरच कळवण्यात येईल." मग एक ऑनलाइन चाचणी आली, जिचा ऑफर लेटरमध्ये उल्लेखही नव्हता आणि जिच्यात नापास झालेल्यांचे पत्र रद्द झाले. मी उत्तीर्ण झालो, तर पुढे दोन वर्षांचा बाँड. पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात, म्हणजे माझ्या थोरल्या मावसभावाला बारा वर्षांपूर्वी मिळाला होता जवळपास तेवढाच. आमच्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात मात्र मी पहिल्या दिवसापासून 'प्लेस्ड' आहे. घोडबंदरकरांनी लष्कराच्या जाहिरातीची जेवढी चिरफाड केली, तेवढीच या माहितीपत्रकांची करावी, अशी विनंती आहे.

वाशी, सेक्टर १७ (शिकवणीवाला) :

२०२४-२५पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा उठवली, आणि त्यानंतर ज्याला त्याला कॉम्प्युटर किंवा नावात 'एआय' असलेली शाखा हवी आहे. महाविद्यालयेही तुकड्या वाढवत आहेत. चार वर्षांनी ही सारी मुले एकाच दाराशी उभी राहतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण मला खटकते ते वेगळेच. बारावीनंतरच लष्कराच्या खर्चाने इंजिनीअर होता येते, हे इथे कोणीच लिहिले नाही. टेन प्लस टू टेक्निकल एंट्रीला बारावीत भौतिक, रसायन, गणितात ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असणे एवढीच शैक्षणिक अट आहे. जागा ९०, पदवी लष्कराच्या अभियांत्रिकी संस्थांमध्ये आणि कमिशन, म्हणजे अधिकारीपद, कायमस्वरूपी. माझ्याकडे येणारा प्रत्येक मुलगा जेईई मेन देतो. अर्ज करतोस का, असे विचारले की तो आईकडे बघतो, आई घड्याळाकडे बघते आणि मग विषय एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर जातो.

माजी कॅप्टन, खारघर :

ज्या शॉर्ट सर्व्हिसचे घोडबंदरकर गुणगान गात आहेत, त्यातून मी आलो आहे, म्हणून त्याचा उत्तरार्धही ऐका. कायम कमिशन मिळाले नाही, तर सेवा दहा वर्षांची, फार तर आणखी चार वाढवून मिळतात. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षे लागतात, म्हणजे ते मिळत नाही. आणि प्रशिक्षणातच जायबंदी होऊन जो कॅडेट घरी येतो, त्याला माजी सैनिकाचा दर्जासुद्धा मिळत नव्हता. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्यावर बोलले जाऊ लागले.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराची वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात, होतो. बर्फात बंद पडलेली वाहने ओढून काढणे, कार्यशाळा चालवणे, शंभरावर माणसे सांभाळणे, हे माझे काम होते. बाहेर पडल्यावर पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएममध्ये सहा महिन्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम केला. त्यानंतरच्या मुलाखतीत माझ्यापेक्षा वयाने लहान गृहस्थांनी विचारले, "तुम्ही नेमके काय करत होतात? म्हणजे, केपीआय (कामगिरी मोजण्याचे निकष) काय होते?" माझ्या वर्गातले मित्र तोवर दोन-दोन बढत्या घेऊन पुढे गेले होते. सेनेत गेल्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही, पण पस्तिशीत पुन्हा नव्याने उमेदवार व्हावे लागते, हे पत्रकात छापत नाहीत.

भरती विभाग, महापे :

कॅप्टन साहेबांचा मान राखून लिहिते, पण ही तक्रार आम्हाला वारंवार ऐकावी लागते. दहा वर्षे सेनेत काढून आलेले अधिकारी थेट महाव्यवस्थापकाच्या खुर्चीची अपेक्षा ठेवतात. पदवी इलेक्ट्रॉनिक्सची असते, पण सध्याच्या प्रणालींना हात लावलेला नसतो. डेटा सेंटरच्या सुरक्षेसाठी किंवा गोदामाच्या प्रशासनासाठी आम्ही त्यांना आनंदाने घेतो, तर त्यांना ते कमीपणाचे वाटते. तुमच्या वर्गमित्रांनी ती दहा वर्षे तांत्रिक कामात घालवली. त्यांना जास्त पगार मिळाला तर त्यात अन्याय कोणता?

माजी कॅप्टन, खारघर :

ताई, अन्याय हा शब्द मी वापरलेला नाही, तो आपण माझ्या तोंडी घातलात. शून्याखालच्या थंडीत रात्री इंजिन सुरू होत नाही आणि सुटे भाग दोन दिवसांच्या अंतरावर असतात, तेव्हा जे करावे लागते त्याला आपण तांत्रिक काम मानत नसाल, तर आपल्या डेटा सेंटरचा जनरेटर बंद पडेल त्या रात्री एखाद्या केपीआयला बोलवा.

भरती विभाग, महापे :

जनरेटरसाठी आमच्याकडे वार्षिक देखभाल करार आहे. पण मुद्दा पोचला. मुलाखत घेणाऱ्यांना सेनेतले हुद्दे आणि जबाबदाऱ्या समजत नाहीत, एवढे मी मान्य करते, त्यापुढे नाही.

पास-आउट २०२२, ऐरोली :

ज्यांना दहा वर्षांनंतर मुलाखत तरी मिळते, त्यांचे भांडण वाचून मन भरून आले.

अंतिम वर्ष, नेरूळ :

इथे सगळीकडे 'मुलगा' असेच लिहिले आहे, म्हणून मध्येच बोलते. शॉर्ट सर्व्हिस टेक्निकलमध्ये महिलांसाठी तीसच्या आसपास जागा असतात आणि त्यांतली एक मला हवी आहे. फेब्रुवारी २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा मार्ग मोकळा झाला, त्यामुळे कॅप्टन सरांचा उत्तरार्ध माझ्या वाट्याला येईलच असे नाही.

माझी मैत्रीण गेल्या वर्षी एसएसबीला जाऊन पहिल्याच दिवशी परतली. धूसर चित्र तीस सेकंद पडद्यावर दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. लिहिणे तिला जमले, पण गटात चर्चा सुरू झाल्यावर सगळे एकदम बोलू लागले आणि तिचा आवाज कोणाला ऐकूच गेला नाही. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये दहा जणांसमोर उभे राहून बोलायची वेळ आमच्यावर कधी आली, ते आठवून पाहा. पदवी दार उघडते हे खरे, पण आत पाऊल टाकायला ती शिकवत नाही.

माझ्या घरी हरकत पगाराची नाही. "लग्नाचे काय" एवढाच प्रश्न आहे, आणि तो कोणत्याच तक्त्यात बसत नाही.

निवृत्त सुभेदार, कळवा :

बेटा, तू जरूर जा.

बाकीच्यांना एक विचारतो. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरमधल्या गुरेझमध्ये हुतात्मा झाले, तेव्हा याच जिल्ह्यातली माणसे रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. त्यांतल्या किती जणांनी घरी जाऊन मुलाला भरतीची तारीख सांगितली असेल? तुमचे सेवा निधी आणि पॅकेज एका पारड्यात आणि ते हौतात्म्य दुसऱ्या पारड्यात, असे तोलता येत नाही. मीही वर तीस लाखांचे अंतर काढून दाखवले, पण ते तुमच्याच भाषेत उत्तर द्यायचे म्हणून.

घोडबंदरकर :

सुभेदार साहेब, हौतात्म्याचे नाव काढले की समोरच्याने गप्प बसायचे असते, हे मलाही कळते. पण जिला 'तुमची भाषा' म्हणता, तीच त्या व्हॉट्सअॅपच्या मजकुराची होती आणि त्याला अंगठा देणाऱ्यांची होती. ज्याला गणवेशाची ओढ आहे, त्याने बारावीनंतर जावे, पदवीनंतर जावे, माझा सलामच आहे. इंजिनीअरिंग झेपत नाही किंवा फी परवडत नाही, म्हणून घरच्यांनी ज्याला ढकलले, त्याच्याविषयी मी लिहित आहे. जागा कमी आहेत हा आपला मुद्दा घ्यावाच लागेल; सगळे इंजिनीअर लेफ्टनंट होणार, असे मी म्हटलेच नव्हते, तरीही घेतो. टेन प्लस टू प्रवेशाचा उल्लेख मी करायला हवा होता, असे शिकवणीवाल्या सरांचे म्हणणे असेल, तर त्यांनीही त्याचा फलक क्लासच्या बाहेर टॉपर्सच्या छायाचित्रांशेजारी लावावा.

वाशी, सेक्टर १७ (शिकवणीवाला) :

लावला होता. दुसऱ्याच दिवशी एका पालकांनी विचारले, "तुमचे निकाल यंदा कमी लागले का?"

अंतिम वर्ष, नेरूळ :

वाद चालू द्या, मला व्यवहाराची एक अडचण आहे. आमचे कॅम्पस ड्राइव्ह आता सुरू होतील. ऑफर स्वीकारली आणि नंतर एसएसबीत निवड झाली, तर काय करायचे?

माजी कॅप्टन, खारघर :

अंतिम वर्षात असतानाच अर्ज करता येतो, त्यामुळे निकालाची वाट पाहू नकोस. निवड झाली तरी वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी यांत काही महिने जातात, तेव्हा हातातली ऑफर सोडू नकोस. एसएसबीला पहिल्यांदा जाताना प्रवासभाडे मिळते, तिकीट जपून ठेव. आणि आजपासून रोज पळ, कारण वैद्यकीय तपासणीआधी दोन महिन्यांत वजन उतरवणाऱ्यांचे गुडघे मी पाहिले आहेत.

पास-आउट २०२२, ऐरोली :

आणि बाँडवर सही करण्याआधी त्याचे शेवटचे पान वाच. सोडताना किती पैसे भरायचे, तो आकडा माझ्या बाँडमध्ये तिथेच, सर्वांत बारीक अक्षरात होता. ऑफर हाती आली की त्या पानाचा फोटो मला पाठव.