दहा टक्के कॉस्टिक बनवलं, टायट्रेशनला ८.९ येतंय, कुठं चुकतंय?

नवी_ट्रेनी (बडोदा)
नमस्कार. बीएस्सी करून इथेच एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये ट्रेनी लागलेय, तीन आठवडे झाले. काल सिनियरनी सांगितलं की १० टक्के कॉस्टिक सोडा बनव, डब्ल्यू बाय डब्ल्यू (म्हणजे वजनाला वजन), अर्धा किलोच्या आसपास. मी ५० ग्रॅम पेलेट्स (कॉस्टिकचे घट्ट दाणे) वजन करून घेतले, सिलिंडरने ५०० एमएल पाणी मोजलं, पाण्यात थोडे थोडे पेलेट्स टाकत गेले, बीकर चांगलाच तापला म्हणून थंड होऊ दिलं आणि मग चेक करायला त्यातलं बरोबर २.०० ग्रॅम फ्लास्कमध्ये घेऊन ०.५ नॉर्मल एचसीएलनी टायट्रेट केलं, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब अॅसिड सोडून किती लागतं ते बघितलं. हिशेबाने १० एमएल लागायला हवं, एक एमएल म्हणजे एक टक्का. तीनदा केलं, ८.९, ८.९, ८.९५. अॅसिड ताजं स्टँडर्डाइज केलेलं आहे, ब्युरेट स्वच्छ आहे. सिनियर "पुन्हा कर" एवढंच म्हणाले. दांडिया बाजारला घरी पोचेपर्यंत डोक्यात तेच, जेवण पण गेलं नाही. प्लीज कोणीतरी सांगा.

रावपुऱ्याचे_सर
बाळ, तुझं टायट्रेशन उत्तम आहे, तीन रीडिंग इतकी जवळ येतात म्हणजे हात चांगला आहे. गडबड वजन करतानाच झाली. टक्के काढताना खाली पाण्याचं वजन येत नाही, अख्ख्या द्रावणाचं येतं, म्हणजे विरघळलेला पदार्थ अधिक पाणी. तू ५०० ग्रॅम पाण्यात ५० घातलेस, द्रावण झालं ५५०. ५० भागिले ५५० म्हणजे ९.०९ टक्के.
वर्गात मी श्रीखंडाचं उदाहरण द्यायचो. एक किलो चक्क्यात एक किलो साखर फेटली तर श्रीखंडात साखर किती? निम्मी, ५० टक्के. तुझ्या पद्धतीने ती १०० टक्के निघेल, मग चक्का गेला कुठं? ३० वर्षं शिकवलं, दर वर्षी अर्धा वर्ग इथेच अडखळायचा, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. ५०० ग्रॅम द्रावण हवं तर ५० ग्रॅम कॉस्टिक आणि ४५० ग्रॅम पाणी. आणि आज पोटभर जेव.

प्लांटवाला_दादा
सर, नमस्कार, तुमचं ९.०९ पटलं, पण त्या हिशेबाने रीडिंग ९.१ यायला हवं होतं ना, ताईंचं ८.९ येतंय. मधला ०.२ कुठं गेला? ताई, पेलेट्सच्या डब्यावरचा 'असे' (assay, म्हणजे शुद्धतेचा टक्का) बघा. बहुतेक ९८ टक्के लिहिलेलं असेल. म्हणजे तुमच्या ५० ग्रॅममध्ये खरं कॉस्टिक ४९ च, ४९ भागिले ५५० केलं की ८.९१ टक्के, रीडिंगला अगदी बरोबर बसतं.
नवीन बनवायचं तर ५० ला ०.९८ ने भागा, ५१.०२ ग्रॅम पेलेट्स आणि ४४९ ग्रॅम पाणी. जुनं फेकू नका, सगळं ५५० ग्रॅम असतं तर त्यात ६.८ ग्रॅम पेलेट्स आणखी टाकले की १० टक्के झालंच असतं, टायट्रेशनला थोडं गेलंय म्हणून उरलेल्याचं वजन करून त्या प्रमाणात घाला. अजून एक, पावसाळ्यात पेलेट्स वॉचग्लासवर दोन मिनिटं ठेवले तरी ओले चिकट होतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि तुम्ही ते पाणीच कॉस्टिक म्हणून वजन करता. झाकण उघडलं की पटकन घ्या नि लगेच बंद करा. गॉगल घातल्याशिवाय हात लावू नका, कॉस्टिक डोळ्यात गेलं तर अॅसिडपेक्षा वाईट.

सयाजीगंज_लॅब
वर दोघांनी बरोबर सांगितलंय, फक्त डब्ल्यू बाय डब्ल्यू आणि डब्ल्यू बाय व्ही (द्रावणाच्या आकारमानात पदार्थाचं वजन) यात गोंधळ नको. सलाइन ०.९ टक्के असतं ते डब्ल्यू बाय व्ही, १०० एमएलमध्ये ०.९ ग्रॅम मीठ. इतक्या पातळ सोल्यूशनला फरक जवळपास कळत नाही, पण १० टक्के कॉस्टिकची डेन्सिटी १.११ च्या आसपास असते, त्यामुळे तुमचं ५०० एमएल सोल्यूशन ५५५ ग्रॅम भरेल आणि त्यात कॉस्टिक ५५ ग्रॅम असेल. पाणी एमएलमध्ये मोजलं तर चालतं, सोल्यूशन नाही, ते तराजूवरच.
पुढे कधीतरी मोरचूद करायला सांगतील तेव्हा लक्षात ठेवा, निळ्या खड्यात पाणी अडकलेलं असतं, खरं कॉपर सल्फेट सुमारे ६४ टक्केच. १०० ग्रॅम १० टक्के बनवायचं तर खडे १५.६ ग्रॅम आणि पाणी ८४.४. मी पहिल्यांदा सरळ १० ग्रॅम घेतले होते आणि दोन दिवस कारण शोधत बसले होते.

नवी_ट्रेनी (बडोदा)
सर, दादा, ताई, खूप खूप आभार!! डब्यावर ९८ च लिहिलंय, मी बघितलंच नव्हतं. आज ५१.०२ ग्रॅम घेतलं, डबा लगेच बंद, पाणी तराजूवर ४४९. रीडिंग १०.०, ९.९५, १०.०. सिनियरनी वही बघितली आणि सही केली. जुनी बाटली पण वजन करून पेलेट्स घालून सुधारली, तिचं रीडिंग ९.९५ आलं. दोन्ही बाटल्यांवर डब्ल्यू बाय डब्ल्यू, तारीख आणि पेलेट्सचा असे लिहून ठेवलाय. सर, काल जेवले हो, आईने मुद्दाम श्रीखंड आणलं होतं.