डेव्हिल्ड एग्ज: सारण पातळ होतं आणि अंडी धड सोलली जात नाहीत

डेव्हिल्ड एग्ज म्हणजे उकडलेली अंडी अर्धी कापून, बलकाचं सारण करून ते पुन्हा पांढऱ्याच्या वाट्यांत भरायचं. घरच्या जुन्या वहीत असं लिहिलंय: 12 अंडी, 1 वाटी मेयोनीज, 2 चमचे मस्टर्ड (मोहरीचा सॉस), व्हिनेगर, मीठ, मिरपूड. चव उत्तम येते, पण सारण इतकं सैल होतं की भरल्यावर पसरतं. शिवाय सोलताना टरफलाबरोबर पांढरंही निघून येतं. बलकाभोवती हिरवट कडा दिसते. नक्की कुठे चुकतंय?

चिमूटभर:
गडबड त्या वाटीत आहे. 12 बलकांचं वजन साधारण 200 ग्रॅम भरतं. मोठी वाटी असेल तर मेयोनीजही तेवढंच होतं, मग सारण उभं कसं राहणार? बलकाच्या निम्मं पुरे, म्हणजे 90-100 ग्रॅम, 6 ते 7 मोठे चमचे. तेही एकदम ओतू नका. आधी 4 चमचे घालून घोटा, मग एकेक वाढवा. मस्टर्ड आणि व्हिनेगर 2-2 छोटे चमचे. मेयोनीज आणि मस्टर्ड दोन्हींत मीठ असतंच, त्यामुळे मीठ चव बघून शेवटी.

बलक काट्याने न कुस्करता बारीक चाळणीतून दाबून काढा. गुठळी राहिली की पायपिंग बॅगचं (सारण दाबून भरायच्या पिशवीचं) नोझल हमखास तुंबतं, आणि मग जोर लावला की सगळं एकदम बाहेर!

मंद आच:
सोलण्याचं म्हणाल तर अंडी फार ताजी असणार. ताज्या अंड्याचं पांढरं कमी अल्कधर्मी असतं आणि आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतं. दिवस जातील तसा टरफलातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ही पकड सुटते. आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये राहिलेली अंडी घ्या.

दुसरं म्हणजे गार पाण्यात ठेवून तापवू नका. उकळत्या पाण्यात झाऱ्याने अलगद सोडा, आच थोडी कमी करा, 11-12 मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात किमान 10 मिनिटं. रुंद टोकाकडे हवेची पोकळी असते, तिथून सोलायला सुरुवात करा. पाण्यात व्हिनेगर टाकल्याने सोलणं सोपं होतं या समजावर फार विसंबू नका. अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं पटकन थिजतं, एवढाच खरा उपयोग.

हिरवी कडा जास्त उकडल्याची खूण. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातला गंधकयुक्त वायू यांचं ते संयुग. खायला काही अपाय नाही, दिसायला मात्र वाईट. बर्फाचं पाणी इथेही कामाला येतं.

खलबत्ता:
मेयोनीजबद्दल थोडं वेगळं मत. 12 बलकांना 2 मोठे चमचे मऊ लोणी घाला आणि मेयोनीज 5 चमच्यांवर आणा. फ्रीजमध्ये लोणी घट्ट होतं, सारणाचा आकार तसाच राहतो. पण बॅगेत भरताना सारण गार नको, नाहीतर दाबताना हात दुखतील.

आधीच सैल झालं असेल तर एक-दोन जादा अंडी उकडून त्यांचा बलक मिसळा. ब्रेडचा चुरा वगैरे नको, चव मारली जाते.

प्रश्नकर्ती:
धन्यवाद! संध्याकाळी वाढायचे असतील तर सकाळी भरून ठेवले तर चालतील?

मंद आच:
चालतील, पण आदल्या रात्रीच पांढऱ्या वाट्या आणि सारण वेगवेगळं झाकून ठेवणं जास्त बरं. वाट्या टिश्यूवर पालथ्या ठेवा, त्यांना पाणी सुटतं. वाढायच्या तासभर आधी भरा. प्रत्येक वाटीच्या तळाची पातळ चकती कापली की ताटात घरंगळत नाहीत. पॅप्रिका (लाल मिरचीची सौम्य पूड) अगदी शेवटी भुरभुरा, आधी घातली की रंग ओघळतो. फ्रीजबाहेर 2 तासांच्या वर ठेवू नका. आणि उरलेले डीप फ्रीजरमध्ये टाकू नका, पांढरं रबरासारखं होतं.