‘पायवाट सोडू नका’ हा नियम सरसकट असावा का?

पानगळ (धागाकर्ता)
निसर्ग उद्यानाच्या फाटकावर ‘आखलेली पायवाट सोडू नका’ अशी पाटी असतेच. कचरा, आग, प्राण्यांना खाऊ घालणं यांवरच्या बंदीबद्दल माझा काहीच वाद नाही. पण ही पाटी सरसकट नको. सगळी माणसं एकाच अरुंद पट्ट्यावरून चालली की तिथलं गवत जातं, माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि पावसाळ्यात वाटेचाच ओढा होतो. त्यापेक्षा पाच-सहा जणांनी रांग न लावता पांगून चालावं. खडक, वाळू, सुकं गवत बघून पाय टाकावा. निर्जन रानात हीच पद्धत शिकवतात. मग उद्यानातच ती नियमभंग कशी?

मुरूम
उत्तर तुमच्या ‘निर्जन’ या शब्दातच आहे. तुडवण्याचं नुकसान पावलांच्या हिशेबात सारखं वाढत नाही. कोऱ्या जमिनीवर बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होऊन जातं: कोवळी रोपं मोडतात, मातीतल्या पोकळ्या दबतात, मुळांना हवा मिळेनाशी होते. पुढच्या शेकडो फेऱ्यांनी त्यात फारशी भर पडत नाही. म्हणून क्वचित माणूस फिरकतो तिथे पांगणं योग्य, आणि रोज गर्दी असते तिथे आधीच उघड्या पडलेल्या पट्ट्यावरूनच सगळ्यांनी जाणं योग्य. गर्दीत पांगलात तर एका वाटेच्या दहा होतील.

वाटेचा ओढा होण्याचं कारणही बरेचदा वाट सोडणं हेच असतं. उतारावर वाट वळणं घेत उतरवतात ती पाण्याचा वेग मोडावा म्हणून. दोन वळणांच्या मधून सरळ खाली उतरलात की पाण्याला तोच सरळ रस्ता मिळतो आणि पुढे तिथे घळ पडते. चिखलाचंही तसंच. कडेकडेने गेलात की डबकं रुंदावतं, मग पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. भिजले तरी चालतील असे बूट घाला आणि मधूनच चाला.

दयाळ
‘सुकं गवत बघून पाय टाकावा’ याला माझा ठाम विरोध. मातीवर ते चालून जाईल, पण जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटवी, चंडोल अशा पक्ष्यांची अंडी मातीच्याच रंगाची असतात. पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पक्षी एकसारखा ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल किंवा पंख मोडल्यासारखा फरफटत चालला असेल, तर घरटं जवळच आहे असं धरा. फोटो विसरा आणि आल्या पावली मागे फिरा. गोचीडही अशाच उंच गवतात असतात. चावलाच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायचा. तेल लावत किंवा चटका देत बसायचं नाही.

चकवा
मी पानगळ यांच्या बाजूने, पण कारण सुरक्षिततेचं. पाटी वाचून माणसं नियम पाळतात आणि धोक्यातही वाटेला चिकटून राहतात. मोहोळ उठलं तर वाटेचा विचारच करायचा नाही. कापडाने तोंड झाका, डोळ्यांपुरती फट ठेवा आणि गाडी किंवा इमारत मिळेपर्यंत धावा. हात झटकू नका. डंखाच्या वासाने बाकीच्या माश्या तिथेच येतात. पाण्यात उडी नको, त्या वर घिरट्या घालत थांबतात. सुरक्षित जागी पोचताच नांग्या नखाने खरवडून काढा. विषाची पिशवी मागे राहून विष सोडतच असते. विजांचंही तेच. उघड्या माथ्यावर वाट असेल तर खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं वर जाऊ नका. पाटीवर हे अपवाद लिहायला हवेत.

मुरूम
अपवाद मान्य. पण सोयीसाठी मोडलेला नियम लोक याच यादीत घालतात, तिथे माझी हरकत आहे. झाड आडवं पडलंय? सहज ओलांडता येत नसेल तर मागे फिरा आणि कर्मचाऱ्यांना कळवा. वळसा घालायला पालापाचोळ्यात शिरलात तर पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि साप पाय पडला की चावतो. चावल्यावर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-कडी काढा, हाडाला फळी बांधतात तसा तो अवयव स्थिर करा, माणसाला चालवू नका, थेट रुग्णालय गाठा. तो साप मारून किंवा पकडून आणायची गरज नसते.

पानगळ
गर्दीच्या भागाबद्दल मुरूम यांचा मुद्दा मला पटला. तिथे माझा आग्रह सोडतो. पण सरसकट बंदी मला अजूनही चुकीचीच वाटते, कारण ती मोडायची वेळ सगळ्यांवर येते. आडोशाला जावंच लागतं. तेव्हा वाट आणि पाणी दोन्हींपासून 60 मीटर दूर जा, 15 ते 20 सेंटिमीटर खड्डा करा, माती लोटा, कागद पिशवीत परत आणा. पाटीवर हे लिहिलेलं नसतं, म्हणून माणसं वाटेच्या कडेलाच घाण करतात.

चकवा
त्या 60 मीटरमध्येच माणसं हरवतात, हेही लिहा. सोबत्याला सांगून जा, पिशवी वाटेवर ठेवू नका आणि जाताना दर दहा-वीस पावलांनी मागे वळून बघा, कारण परतीचं रान वेगळं दिसतं. वाट सापडेना तर चालत राहू नका. एका जागी थांबा, थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या वाजवा, फोनची बॅटरी मदत मागण्यासाठी राखा.